रस्त्यापुरते बूट

१० सप्टेंबर १९५५, शनिवार

आज भजनात पुन्हा मध्येच बसावं लागलं. दिव्याभोवतीचा फेर नुकता कुठे रंगात येत होता. माझा पाय पहिला, मागे सगळी मंडळी, आणि उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे एका समईच्या दोन झाल्या. चिपळ्या वाजवत वाजवतच भिंतीकडे सरकलो, जणू भिंतीशीच काही काम होतं. भीमरावाने मृदंग थांबवला नाही, हे त्याचे उपकार. पण पुढे कुणी नाही म्हटल्यावर मागच्यांची नुसती ढकलाढकल झाली.

आमच्या कुंभकोणम्‌च्या मठात दिव्याभोवती पहिला पाय आमच्या घरचा. आजोबांचा, मग वडिलांचा, आता माझा. माझ्यामागे कोणी नाही. मुलगी तिरुचीला दिलेली, तिचा नवरा भजनाला येतो तो जेवणाच्या वेळेला. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आज कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१२ सप्टें.

उजवा गुडघा (यापुढे नुसतं उ.गु.; रोज एवढी अक्षरं त्याच्यावर कोण खर्च करील) सकाळी सुजून नारळाएवढा. दुकानात गादीवर मांडी घालता येईना. साड्यांच्या दुकानात विकणारा पाय पसरून बसला तर गिऱ्हाइकाने रेशीम बघायचं की त्याचे तळवे? मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा बघितलं आणि मान वळवली. माणूस भला आहे. भल्या माणसांची मानच आधी वळते.

कावेरीने एरंडाची पानं बांधली. (कावेरी म्हणजे बायको. नदी वेगळी, तिला निदान उन्हाळ्यात विश्रांती असते.) पानं बांधून झाल्यावर पुन्हा अंघोळ करून स्वयंपाकाला लागली. तेलाच्या हाताने ती चुलीकडे जात नाही. तिचं सोवळं माझ्या आईपेक्षाही कडक. आई निदान थकायची.

२० सप्टें., तंजावर

भीमराव ओढून घेऊन आला. इथे एक हाडांचे डॉक्टर आहेत, पूर्वी पलटणीत होते. त्यांनी धोतर वर खोचायला लावलं आणि व्हरांड्यात चालायला सांगितलं. जा, या. जा, या. मग टाचा बघितल्या. मग विचारलं, तुम्ही काय घाणा ओढता का? मला वाटलं चेष्टा करतात. म्हणाले, चेष्टा नाही, हा गुडघा आतल्या बाजूने झिजलाय, वर्षानुवर्षं एकाच अंगाला वळणाऱ्या माणसासारखा.

भीमराव म्हणाला, दिव्याभोवती नाचतात हे. लहानपणापासून. डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

प्रदक्षिणा. दिवा नेहमी उजव्या हाताला, म्हणून उजवा पाय नेहमी आत, वळणाचा सगळा भार त्याच्यावर. इतकी वर्षं देवाच्या भोवती फिरलो आणि त्याने माझा तोच पाय घेतला. घाण्याच्या बैलाला निदान पेंड मिळते.

औषध नाही म्हणाले. झिजलं ते झिजलं. पण एक बूट करून देतात. उजव्याच्या तळाला बाहेरच्या कडेने चामड्याची पाचर, म्हणजे भार आतून सुटून बाहेर जातो. बूट पायात आहे तोवर सुख. काढला की गुडघा पुन्हा तुमचा.

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

२१ सप्टें.

बूट शिवणारा सवरीमुत्तू, तंजावरलाच, पोलिसांचे बूट करतो. बोलका माणूस. माप घेताना सारखा पोलिसांच्या पायांच्या गोष्टी. डॉक्टर स्वतः येऊन उभे राहिले, पाचर ठेवून मला चालवलं, काढून थोडी तासली, पुन्हा चालवलं. त्यांच्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. एका पाचरीला हो म्हणाले.

९ ऑक्टो.

बूट आले. तंजावरच्या रस्त्यावरच घातले.

कळ नाही.

बसस्टँडपर्यंत गेलो, कळ नाही. मुद्दाम परत आलो, पुन्हा गेलो. भीमराव म्हणाला, पुरे रे, लोक बघतायत. बघू देत. धोतर, शेंडी आणि खाली पोलिसाचे बूट, त्यातला एक तिरपा. बघण्यासारखाच होतो. कुंभकोणम्‌ला उतरून नदीकाठच्या रस्त्याने घरापर्यंत चालत आलो आणि वाटेत एका पिंपळाखाली उभा राहून रडलो. दुखत नव्हतं म्हणून रडलो. असं असतं हे ठाऊक नव्हतं.

१० ऑक्टो.

बूट तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर. उंबऱ्याच्या आत नाही. कावेरी ओरडली वगैरे नाही, नुसती दारात उभी राहिली. मी काढले. घरात लंगडलो.

दुकानात मुदलाळी म्हणाले, गादीच्या खाली ठेवा, काही हरकत नाही. गादीवर चढलो, उ.गु. पुन्हा माझा.

आत्ता डॉक्टरांचं वाक्य कळलं. मी जिथे उभा राहतो, बसतो, वाकतो, नाचतो, त्या सगळ्या जागा अनवाणी आहेत. घर, दुकान, देऊळ, मठ. बूट माझा फक्त रस्त्यापुरता. आणि रस्त्यावर मला काय काम?

१५ ऑक्टो., शनिवार

धीर करून अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे मठाचे मोठे. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्याकडे वातसुद्धा लागत नाही. भजनाआधी ते एकटे समईला तेल घालत होते. म्हटलं, अण्णा, बूट धुवून, पुसून, फक्त फेरापुरते. या वर्षीचं रुक्मिणीकल्याण, देवाचं लग्न, तेवढं होऊ दे. अण्णा वात सरळ करत राहिले. मग मी, माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून गेलो की विठोबा स्वतः विटेवर उभा आहे. त्याला पायाखाली वीट चालते, मला एवढीशी पाचर चालत नाही?

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "वीट विठोबानें मागितली नव्हती, वेंकोबा. पुंडलिकानें टाकली. दुसऱ्यानें टाकली त्यावर तो उभा राहिला. तूं आपण होऊन आपल्यासाठीं मागतोस."

भिंतीशी बसून टाळ्या वाजवल्या. पहिला पाय आज कोणाचाच नव्हता. फेर झालाच नाही, बसूनच अभंग म्हटले. सगळ्यांनी माझी मर्जी राखली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ ऑक्टो.

आयुधपूजा. दुकानात गज, कात्री, तराजू, सगळ्यांना गंध-कुंकू. घरी कावेरीने विळी, पाटा, माझ्या चिपळ्या मांडल्या. चिपळ्यांना झेंडूचं फूल. बूट तिण्णैवर तसेच. ज्याच्यावर मी चालतो ते आयुध नाही आणि ज्या वाजवायच्या थांबल्या त्या आहेत.

कावेरी आत असताना बोटाने थोडं गंध उजव्या बुटाच्या टोकाला लावलं. मग कोणी बघेल म्हणून पुसलं.

६ नोव्हें.

सुट्टी. हल्ली रिकामा वेळ मिळाला की बूट घालतो आणि चालत सुटतो. कुठेही. शेजारी विचारतात, कुठे स्वारी? सांगायला काही नसतं. दुखत नाही म्हणून फिरतो, हे कोणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, आणि तसं लागलंच असेल.

आज बसने नाचियार्कोविल्‌. समया ओततात त्या गल्लीतून उगाच हिंडलो. एका दुकानात आमच्या मठातल्यासारखीच समई, पाच वातींची, वर हंस. दुकानदार म्हणाला आत या, बघा. आत जायला बूट काढावे लागले असते. बाहेरूनच बघितली.

परत येऊन दुसरी बस धरली आणि तिरुवलंचुळीला गेलो. पांढऱ्या विनायकाचं दर्शन घ्यावं असं मनात होतं. गोपुरापाशी पोचलो, वाकलो, नाडीला हात लावला, आणि सोडवेना. आत लांबलचक दगडी वाट. उ.गु. आतापासूनच दात विचकत होता. बाहेरूनच हात जोडले. देवळाच्या दारातून दर्शन न घेता परतलेला आमच्या घरातला मी पहिलाच असेन.

देव सुटत चालला आहे आणि गुडघा सुखात आहे. यापरतं दुसरं काय वाईट व्हायचं राहिलंय?

१२ नोव्हें., शनिवार

भजनाला गेलो नाही. डोकं दुखतं असा निरोप पाठवला. एका दुखण्यासाठी दुसरं दुखणं.

२० नोव्हें.

हे लिहावं की नाही.

कावेरी आज सकाळी वडाच्या पारापाशी कोणाकडे तरी हळदीकुंकवाला गेली होती. घरात मी एकटा. देवापुढची समई मधल्या खोलीत आणून ठेवली, लावली. चिपळ्या घेतल्या. अनवाणी. नेहमीसारखा उजवीकडून फिरलो आणि दोन पावलांत बसलो. बसल्या बसल्या डोक्यात आलं. उठलो आणि उलटा फिरलो. दिवा डाव्या हाताला. उजवा पाय बाहेर.

उ.गु. गप्प.

पुन्हा फिरलो. गप्प. पाय आपोआप उचलायला लागले, तोंडात अभंग आला, घाम आला, मी नाचत होतो. दोन महिन्यांनी. डोळे मिटलेले. दुकानात मी अर्धा माणूस, घरी पाव. दिव्याभोवती तेवढा पुरा. तो पुरा माणूस परत आला होता.

डोळे उघडले तर कावेरी दारात. हातात हळदीकुंकवाचं पान, नारळ.

असं उलटं फिरतात ते चितेभोवती. खांद्यावर मडकं घेतलेला फिरतो. एरवी कोणी फिरत नाही, खेळातसुद्धा पोरांना फिरू देत नाहीत.

तिने नारळ खाली ठेवला. पुढे झाली, पदराने समई शांत केली. मग म्हणाली, "कोणासाठीं फिरत होतांत असें?"

मी चिपळ्या खाली ठेवल्या. तिला वाटलं असणार, तिच्यासाठी. किंवा माझ्यासाठीच. दोन्हींत काय कमी-जास्त.

२१ नोव्हें.

कावेरीने घर सारवलं, समई चिंचेने घासली, मीठ ओवाळलं, नाचियार्कोविल्‌च्या देवळात जाऊन काही नवस बोलून आली. माझ्याशी बोलत नाही असं नाही. भात वाढू का, पाणी हवं का, सगळं विचारते. पण मी मधल्या खोलीतून गेलो की बघते, कुठल्या बाजूने वळतो.

२६ नोव्हें., शनिवार

भीमराव आला होता. रुक्मिणीकल्याणाची तारीख धरली, जानेवारीच्या शेवटी. मरुदानल्लूरची भजनी मंडळी येणार. पहिला पाय कोण? हे त्याने विचारलं नाही, मी म्हणालो. तो मृदंगाच्या पुडीवर उगाच बोट फिरवत बसला. म्हणाला, "तूं नाहींस तर फेर नाहीं, असें अण्णा म्हणतात." म्हणजे माझ्यामुळे कल्याणात दीपप्रदक्षिणा नाही. आजोबांनी सुरू केलेली माझ्या गुडघ्यापाशी येऊन संपणार.

वाईट वाटतं म्हणणं फार थोडं झालं. जगावंसं वाटत नाही असंही नाही. कशासाठी उठायचं ते कळत नाही.

२ डिसें.

वादळ होऊन गेलं. परवा रात्रभर छप्पर हलत होतं, नारळ पडत होते. समोरचा शेवगा मोडला. खालच्या गावांतून फार वाईट बातम्या येतात. आमच्या गल्लीत माणसं सगळी सुखरूप. बस बंद, दुकान बंद. सूर्य नाही. सगळीकडे ओलं. माणसं गेली तिथे आणि मी इथे गुडघ्याबद्दल लिहितो. लाज वाटते, तरी दुखतंच.

५ डिसें.

दुकान उघडलं. सकाळी तिण्णैवर बूट नव्हते. कोणी चोरले वाटलं. कावेरीला विचारलं तर नुसतं म्हणाली, जातील कोठें, या घरीं. अनवाणी गेलो.

संध्याकाळी आलो तर बूट मधल्या खोलीत. पाटावर. उंबऱ्याच्या आत.

तिने काय काय केलं ते हळूहळू सांगितलं. आधी नाड्या काढून दोन्ही बूट शेणाच्या पाण्यात बुडवून ठेवले. मग चिंचेच्या पाण्याने आतून-बाहेरून घासले, समई घासते तसे. मग हळदीचं पाणी, मग विहिरीचं, मग तांब्यातली गंगा शिंपडली. वादळामुळे ऊन नाही, म्हणून चुलीच्या वर उतरंडीजवळ टांगून दिवसभर वाळवले. तिच्या चुलीवर. जिथे मी न धुतलेल्या हाताने काडी ठेवली तर ती पुन्हा अंघोळ करते.

"आतां घरांत घाला," म्हणाली. "मठाचें मग पाहूं. पण तसें पुन्हा फिरूं नका."

बूट हातात घेतले. चामडं वाळलेल्या भाकरीसारखं ताठ, आकसलेलं, पांढरट. उजव्याची पाचर भिजून फुगली होती, मग वाळून वाकडी झाली, थर सुटे. बाहेरची कडा खाली बसली आणि आतली उचलली. डॉक्टरांनी तासून तासून जो कल काढला होता तो बरोबर उलटा झाला होता.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या हातांना चिंचेने भेगा पडलेल्या.

घातले. घरात, तिच्यासमोर, मधल्या खोलीतून चुलीपर्यंत आणि परत चाललो. उ.गु.ने प्राण कंठाशी आणले. तिने विचारलं, "दुखतें काय?"

म्हटलं, "नाहीं."

६ डिसें.

खरं सांगायचं ठरवून उठलो. ती विळीवर भोपळा चिरत होती. मी बूट घालून समोरून गेलो तेव्हा तिने बघितलं आणि पहिल्यांदाच, वीस नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच, हसली. म्हणाली, पोलीस आले घरांत, पावम, बिचारे. सांगितलं नाही.

११ डिसें., तंजावर

बस सुरू झाली. कावेरीला सांगितलं, मुदलाळींचं काम आहे. डॉक्टरांकडे गेलो तर खोलीला कुलूप. बदली होऊन मदुरैला गेले.

सवरीमुत्तूने बूट उलटा-सुलटा केला, वास घेतला आणि हसायला लागला. माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. पाचर उपटून नवी बसवली, अंदाजाने. चाललो. वाईट. काढली, तासली. आणखी वाईट. तो म्हणाला, साहेब होते तेव्हा ते बघून सांगायचे, मला नुसतं शिवता येतं. वरचं चामडंही गेलं, नवा करावा लागेल. मग कल कोण सांगणार?

निघताना म्हणाला, बायका धुतात हो, पोलिसांच्यासुद्धा. मला ते बरं वाटलं, का ते कळलं नाही.

२४ डिसें., शनिवार

मार्गळी महिन्याची थंडी. पहाटे मंडळी भजन म्हणत गल्लीतून जाते, मी बिछान्यातून ऐकतो. कावेरी रांगोळी काढायला उठते आणि बुटांवरून हात फिरवून जाते, धूळ आहे का बघायला. रोज फडक्याने पुसते. आता घरातले देव, तिच्या सोवळ्याचा पितळी डबा आणि माझे बूट, एवढ्याच वस्तूंना ती फडकं लावते.

मी घरात ते घालून फिरतो. तिच्यासमोर. ती विहिरीवर गेली की काढून बसतो, पाऊल वाजलं की पुन्हा घालतो. लहानपणी वडील आले की पुस्तक उघडायचो, तसं. रस्त्यावरही आता सुख नाही. तेवढा एक रस्ता होता, तोही गेला.

भीमरावाने ओळखलं. तो डोळ्यांनी नाही, कानांनी बघतो. माझ्या मागून चालत होता. म्हणाला, "पाऊल चुकतें आहे तुझें. बूट तेच काय?" सांगितलं. वडाखाली उभे राहून सगळं सांगितलं. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, सांग तिला. मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, तिला सांगायला माझी छाती नाही. मग दोघे पुढे निघालो.

१४ जाने. १९५६

पोंगल. भात उतू गेला, सगळे खूश. उ.गु. आज सुजून पोंगलच्या मडक्यासारखाच. कावेरी म्हणाली, गोड खाल्लेंत म्हणून.

१९ जाने.

आज दुकानातून आलो तर कावेरी घरात नाही. दिवेलागणीला कधी बाहेर नसते. आली तेव्हा तोंडावर काही वेगळंच. आधी पाय धुतले, दिवा लावला, मग सांगितलं.

अण्णांकडे गेली होती. एकटी. आमच्या घरची बाई अण्णांपुढे उभी राहून बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. तिने त्यांना काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो. "अण्णा, त्यांनीं आपल्यासाठीं मागितलें असेल. आतां मी देतें. बूट मी धुतले, माझ्या चुलीवर वाळवले, माझ्या घरांत फिरतात. आतां त्यांनीं मागितलें असें म्हणूं नका."

विटेची गोष्ट तिला कोणी सांगितली? मी नाही. भीमरावच असणार.

अण्णांनी तिच्याकडे वर पाहिलं म्हणे. मग म्हणाले, "तुझ्या चुलीवर? सेरी, बरें. घेऊन ये त्याला."

मी काहीच बोललो नाही. तिला वाटलं आनंदाने.

२० जाने.

सगळ्या गल्लीला कळलंय. वेंकोबा बूट घालून दिव्याभोवती फिरणार. एक घर येणार नाही म्हणतं. अण्णांनी त्यांना सांगून पाठवलं की या वा न या, मी बोललो ते बोललो. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी असं काही मोडलं नव्हतं. माझ्यासाठी मोडलं. नव्हे, कावेरीसाठी.

मी हवं ते मागितलं होतं, तेव्हा बूट चांगला होता. आता परवानगी मिळाली आणि बूट नाही. हे कोणाला सांगून हसू? भीमरावाला सांगितलं तर तो हसला नाही.

नाही म्हणता येत नाही. अनवाणी जातो म्हणालो तर कावेरी विचारील का. बूट घालून गेलो आणि मरुदानल्लूरच्या मंडळींपुढे मध्येच बसलो तर अण्णांनी उगाच मोडलं असं होईल. आणि खरं सांगितलं तर. तर तिने आपली चूल उगाच विटाळली.

२१ जाने.

भीमराव येऊन गेला. म्हणतो, लय वाढू देणार नाही, मृदंग माझ्या हातात आहे, तू पाय नुसते टेकव. मग जाता जाता, "पडलास तर माझ्या अंगावर पड. मी जवळ बसतों."

२२ जाने., रविवार

रुक्मिणीकल्याण. सकाळचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, जेवणं झाली. मी लांब बसून बघितलं. आता दुपार कलली. दिवे लागले की फेर.

मठाच्या कोठीतून समई बाहेर काढल्याचा आवाज येतोय. मोठी, नाचियार्कोविल्‌ची. चार माणसं लागतात.

कावेरीने बूट तिण्णैवर आणून ठेवले आहेत. दोन्हींच्या टोकांना गंध आणि कुंकू. मी आयुधपूजेला लावून पुसलं होतं, ते तिला ठाऊक नाही. नवी साडी नेसून दारात उभी आहे आणि आत जात नाही. म्हणाली, चला, पहिला पाय तुमचा.

विठोबा विटेवर उभा राहिला, सगळे त्याचं कौतुक गातात. आज मीही गाईन. ती वीट त्याला टोचते का, असं त्याला कोणी कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

तिला सांगावं का. अजून वेळ आहे. मठ चार घरं सोडून आहे.

डावा घातला. उजव्याची नाडी आखूड पडते, चामडं आकसल्यापासून. ती खाली बसून बांधते आहे.